आमच्याकडे दिवा उघडतात

३ सप्टेंबर

सकाळी दुकान उघडलं, दिवे उघडले, चहाचा डबा उघडला आणि मग बाजार व्यवस्थापनाचं पाकीट उघडलं. पहिल्या तीन उघडण्यांपर्यंत दिवस चांगला होता.

आत नोटीस. ऑक्टोबरात दिव्यांचं प्रदर्शन भरतं, परदेशी गिऱ्हाईक येतं, त्याच्यापुढे शहराचं हसं होऊ नये म्हणून बाजारातल्या सगळ्या पाट्यांवरचं चुकीचं इंग्रजी आधी दुरुस्त करायचं. चुकीच्या पाटीवाल्यांची नावं खाली. पहिलं नाव माझं: माक सिंग-होन. पाटी बदलली नाही तर प्रदर्शन संपेपर्यंत शटर खाली. सही उपव्यवस्थापक हौ यांची. हे गृहस्थ उत्तरेकडून आले आहेत, आमची बोली त्यांना ऐकून कळते, बोलता येत नाही, पण इंग्रजी येतं असं ते स्वतःच सांगतात.

शेजारचा झुंबरवाला जाड्या चाव लगेच येऊन टेकला.

"आ-होन, अभिनंदन! जन्मात पहिल्यांदा पहिला आलास."

"तुझं नाव नाही?"

"माझ्या पाटीवर नुसतं झुंबराचं चित्र आहे. चित्राचं व्याकरण कोण तपासणार?"

माझ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलंय: ओपन लाइट. आमच्या बोलीत दिवा 'हॉय' करतात. हॉय म्हणजे उघडणं. दार हॉय, पेटी हॉय, दिवा हॉय. इंग्रज उघडण्याला ओपन म्हणतो. झालं की. वर्षानुवर्षं ती पाटी दारावर आहे. पर्थहून एक म्हातारा दरसाल येतो, तो मला 'मिस्टर ओपन' म्हणून हाक मारतो आणि दुकान न चुकता सापडतं त्याला. आता हौ साहेब म्हणतात, इंग्रज दिवा उघडत नाहीत. मग काय अंधारात बसतात?

पाटी उतरणार नाही. होल्डरला डाग देता देता बोटं भाजून घेतली, पथारीवर बल्ब विकले, तेव्हा कुठे ही पाटी वर चढली. ती खाली यायला अजून कुणी जन्मलेला नाही.

बायकोला हे सगळं दोनदा ऐकवलं. ती म्हणाली, "म्हाताऱ्या, भांडायला तुला आवडतं, ऐकायला मला आवडत नाही. कागदाला सांग." म्हणून ही दैनंदिनी.

४ सप्टेंबर

नोटिशीचं दुसरं पान काल मी वाचलंच नव्हतं. त्यावर 'भाषा सल्लागार' असं लिहून खाली नाव आहे: माक चिंग-लाम.

माझी मुलगी.

पानाची घडी घालून खिशात टाकलं. चाव म्हणाला, "दुसऱ्या पानावर काय आहे रे?" मी म्हटलं, "पहिल्याचीच नक्कल."

५ सप्टेंबर

बायकोला सगळं आधीच माहीत होतं. बायकांचं एक वेगळं टेलिफोन खातं असतं.

आ-लाम गावातल्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. शाळेच्याच खोल्यांत राहते. शाळा अशी लांब नाही, बस आमच्या दारावरून जाते, पण ती बस आमच्या दारात थांबते असं काही नाही. तिची नोकरी अजून कायम झालेली नाही. हौ साहेबांनी तिला सांगितलंय, हे काम नीट केलंस तर शाळेला तुझी शिफारस करतो. म्हणजे माझी पाटी उतरली की माझी पोरगी चढणार. जाळं विणावं तर या साहेबांनी.

"तिला जाऊन भेट," बायको म्हणाली.

"तिने यावं. मी बाप आहे."

"तू दिवसभर सगळं उघडत असतोस. एक तोंड सोडून."

मी? मी तर दिवसभर बोलत असतो. ही बाई कधी कधी अगदी उलटं बोलते.

९ सप्टेंबर

पाटीची हकिकत इथे लिहून ठेवतो. चावलासुद्धा ठाऊक नाही.

दुकान काढायचं ठरलं तेव्हा आ-लाम नऊ वर्षांची होती. शाळेत नुकतं इंग्रजी सुरू झालेलं. एका दुपारी मी पुठ्ठ्याच्या खोक्यांवर बसून जेवत होतो, ती समोर. मी विचारलं, "ए, 'हॉय दांग' इंग्रजीत कसं म्हणतात?" हॉय दांग म्हणजे दिवा उघड. तिने जराही विचार न करता खोक्यावर लाल खडूने लिहून दाखवलं. एवढी एवढी अक्षरं, पण ताठ. माझ्या सात पिढ्यांत कुणी दुसऱ्या देशाचं अक्षर लिहिलं नव्हतं. मी तो पुठ्ठा कापून तसाच पाटीवाल्याकडे नेला आणि म्हटलं, एक रेघसुद्धा इकडची तिकडे करायची नाही. त्याने केली नाही. जाड लाल प्लास्टिकची अक्षरं कापली, मागे बल्ब लावले.

पुढे कळलं, ओपनच्या शेवटी जो एन असतो त्याची मधली तिरकी दांडी तिने उलट्या बाजूने ओढली होती. पाटीवरही तो उलटाच बसला. मला सुलटा काय, उलटा काय, सगळे सारखेच होते. लोक हसायला लागले तेव्हा कळलं.

लोकांनी विचारलं, कुणी रे लिहिलं हे? मी सांगितलं, मी. पाचवी शिकलेला माणूस याहून काय लिहिणार! लोक हसले, मीही हसलो, आणि हसता हसता त्यांना दिवे विकले. तेव्हापासून ते मीच लिहिलंय.

तेरा वर्षांची असताना ती एकदा दुकानात आली. तेव्हा चाव गिऱ्हाइकाला माझी पाटी दाखवून पोट धरून हसत होता. ती घरी येऊन म्हणाली, "बाबा, पाटी काढा." मी म्हटलं, का? म्हणे, "लोक हसतात." मी म्हटलं, "हसू दे, मला हसतात." ती म्हणाली, "तेच तर." आणि रडायला लागली.

'तेच तर' म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही. अडाणी बापाची लाज वाटत असणार. त्या वयात वाटते. काहींना पुढेही वाटत राहते.

११ सप्टेंबर

आज वर्गात जाऊन बसलो! पाटीवाल्या दुकानदारांसाठी व्यवस्थापनाने बाजाराच्या वरच्या मजल्यावर दुपारचा इंग्रजीचा वर्ग लावलाय. शिकवायला भाषा सल्लागार. आधी हौ साहेबांनी येऊन नियम वाचून दाखवले, सल्लागाराची सही झाली की पाटी पास, वगैरे, आणि गेले. मी शेवटच्या बाकावर, शेजारी चाव. त्याचं नाव यादीत नाही, तो एअर कंडिशनसाठी आला होता.

आ-लाम आत आली, मला पाहिलं, हातातली पुस्तकं टेबलावर ठेवली, परत उचलली, परत ठेवली. वाळलीय. शाळेच्या खाणावळीत काय देतात कोण जाणे.

तिने फळ्याच्या मधोमध आमचं 'हॉय' हे अक्षर काढलं. म्हणाली, "आपण काय काय हॉय करतो, सांगा पाहू."

"दार!" "दुकान!" "गाडी!" गाडी चालवायची तरी आम्ही ती उघडतोच.

"मीटिंग!" "जेवण!" "फूल!"

"चाकू," चाव म्हणाला. "माझ्या मेव्हण्यावर गेल्या महिन्यात डॉक्टरांनी चाकू उघडला. सात टाके."

"थट्टा!" कोणीतरी म्हणालं. थट्टाही आम्ही उघडतो.

ती प्रत्येकापुढे इंग्रजी शब्द लिहीत गेली. दार आणि दुकान यांना ओपन चालतं. गाडीला चालत नाही, तिथे ड्राइव्ह. फुलाला वेगळा, चाकूला वेगळा, थट्टेला आणखी तिसराच. मीटिंगला होल्ड, म्हणजे धरणं.

"धरतात?" चाव म्हणाला. "का, पळून जाते?"

"हौ साहेबांच्या मीटिंगमधून माणसं पळतात," मी म्हटलं, "त्यांना धरावं लागतं."

वर्ग हसला. तीही हसली असती, पण तिने फळ्याकडे तोंड केलं.

"म्हणजे बाई," चाव म्हणाला, "आपण एका किल्लीने अख्खं घर उघडतो आणि त्यांना जुडगा घेऊन हिंडावं लागतं?"

"हो. आणि आपली चूक नेमकी इथेच होते. आपल्याला वाटतं, आपली किल्ली त्यांच्या सगळ्या कुलपांना लागेल. परीक्षेत माझी निम्मी मुलं इथेच मार्क घालवतात." मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "दिवा. दिव्याला ओपन म्हणायचं नाही. टर्न ऑन म्हणायचं. टर्न म्हणजे फिरवणं."

मी हात वर केला.

"मास्तरीणबाई, एक शंका."

"विचारा... विचारा, माक साहेब."

माक साहेब! जन्मल्या दिवशी हिची नाळ कापायला सुईणीच्या हाती कात्री मी दिली होती.

"फिरवायचं काय?"

"पूर्वी दिव्याचं बटण फिरकीचं असायचं. ते फिरवलं की दिवा लागायचा. शब्द तिथून आला असं म्हणतात."

"ती फिरकीची बटणं मी विकलीत. पितळेची, चांगली जड. नंतर दोरीची आली, मग दाबायची, मग नुसतं बोट लावायची. हल्ली गिऱ्हाईक टाळी वाजवतं नि दिवा लागतो. मग ते अजून फिरवतात काय?"

"शब्द राहिला. सवय म्हणून."

"म्हणजे त्यांची ती सवय आणि माझी ती चूक."

तिचे कान लाल झाले. लहानपणीही आधी कानच लाल व्हायचे.

"भाषा त्यांची आहे, माक साहेब," ती म्हणाली. "त्यांच्या घरात शिरताना चपला त्यांच्या रीतीने काढायच्या."

"पाटी माझी आहे, मास्तरीणबाई. माझ्या घरात शिरताना..." पुढचं वाक्य सुचलं नाही. पण आवाज चांगला लागला होता.

माझे कान आणि डोळे दिवे विकून तयार झालेत. बल्ब कानाशी हलवला की तार तुटलीय का ते मला कळतं. एक गोष्ट ध्यानात आली. ओपन लिहिताना ती शेवटच्या एनपाशी दरवेळी थांबते. खडू फळ्यावर टेकवते, क्षणभर तसाच ठेवते, मग ती तिरकी दांडी ओढते. प्रत्येक वेळी. खडू ओलसर असावा.

शेवटी तिने 'मन' घेतलं. आमच्यात मन उघडलं म्हणजे माणूस खूश झाला. ती म्हणाली, "मनाला ओपन चालतं, पण अर्थ बदलतो. त्यांच्याकडे मन उघडलं म्हणजे माणूस आतलं बोलला." हे सांगताना ती सरळ शेवटच्या बाकाकडे बघत होती. मी वळून पाहिलं. आमच्यामागे नुसती भिंत होती आणि तिच्यावर आग विझवायचं नळकांडं.

१३ सप्टेंबर

शब्दकोश आणलाय. ओपनला दीड पान दिलंय. खातं ओपन, पत्र ओपन, गोळीबार ओपन. बंदूक उघडतात आणि दिवा उघडत नाहीत! सबंध दीड पान वाचलं. दिवा कुठेच नाही.

पोरीचं बरोबर आहे, हे इथे लिहून ठेवतो. तिला सांगणार नाही. आणि पाटीही उतरणार नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

१६ सप्टेंबर

वादळ. दुकान बंद, बाजार बंद. घरात बसून वाऱ्याचं ऐकतोय. बायको खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या मारतेय. मधेच म्हणाली, "शाळेच्या खोल्यांना पत्रे आहेत ना रे?" फोन लागत नाही.

१७ सप्टेंबर

फोन लागला. ती बरी आहे. बायको बोलली. मी शेजारीच उभा होतो. "बाबाला देऊ?" असं बायकोने विचारलं, तेवढ्यात मला छत्री शोधायची होती.

दुकानावर गेलो. काय दशा! सगळ्या आळीच्या पाट्या रस्त्यावर. चावचं झुंबराचं चित्र नाल्यात. हौ साहेबांच्या कचेरीची सोनेरी पाटी, तिच्यावरचं इंग्रजी म्हणे तंतोतंत बरोबर होतं, तीसुद्धा आडवी. उभी फक्त माझी. बोल्ट मी स्वतः मारले होते!

पण एक अक्षर गेलं. तो उलटा एन. चावच्या शटरखाली सापडला, धड, कोपऱ्यावर फक्त एक ओरखडा.

दुपारी हौ साहेब पाहणीला आले. हेल्मेट घालून.

"माक, वादळाने तुझं अर्धं काम केलं. उरलेली अक्षरंही काढून टाक."

"साहेब, वादळाला जेवढं काढायचं होतं तेवढं त्याने काढलं. बाकीच्यावर त्याचा आक्षेप नाही."

"दहा तारखेला बैठक आहे. शेवटची संधी. या पाटीला जबाबदार कोण, ते तिथे नोंदवलं जाईल."

"आत्ताच नोंदवा. मी लिहिलीय."

चावने त्यांच्या हेल्मेटवरून बोट फिरवून धूळ पाहिली. साहेब गेले.

२४ सप्टेंबर

आज शारदीय पौर्णिमा. आ-लाम घरी आली! कमळबियांच्या सारणाचे चंद्रकेक घेऊन, माझ्या आवडीचे, मध्ये अंड्याचा खारवलेला बलक असलेले. बायकोने अरवीचे कंद उकडले, गोगलगायी लसणीत परतल्या, पपनस सोललं. तिघंही गोगलगायी चोखत बसलो. त्यात एक बरं असतं, तोंड कामात असतं.

मग बायको म्हणाली, "बोला की दोघं. का मी मध्ये दुभाषी बसू?"

आ-लाम म्हणाली, "बाबा, बैठकीत एक करा. पाटी तुम्ही लिहिली असं म्हणू नका."

"का?"

"नका म्हणू, एवढंच."

"मग कुणी लिहिली म्हणू? चावने? त्याला स्वतःची सही येत नाही."

"तुम्ही काहीच बोलू नका. गप्प बसा."

"लहानपणापासून हिला माझं तोंड बंद हवंय," मी बायकोला म्हटलं.

बायको म्हणाली, "मला दोघांचंही उघडं हवंय," आणि आत कपबशा आदळायला गेली.

माझ्या लक्षात आलं. बैठकीत पाटीचं खरं निघालं तर हिची नोकरी गेली. भाषा सल्लागाराच्याच हातची चूक! म्हणून घाबरलीय. मला सरळ सांगता येत नाही बिचारीला. मी म्हटलं, "तू काळजी करू नकोस. मी असं सांगेन की कुणाला शंकाच येणार नाही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिच्या परीक्षेत नापास झालोय. मग चंद्रकेकाचा बलक असलेला भाग काढून माझ्या बशीत ठेवला.

निघताना दारात म्हणाली, "तो एन टाकून नाही ना दिलात?"

"नाही. पलंगाखाली आहे. का?"

"काही नाही."

बस आली. आमच्या बोलीत 'निघून जाणं' यातसुद्धा हॉय आहे. सोडून उघडणं. आज शब्दकोशात नाही, बसच्या दिव्याकडे बघता बघता ध्यानात आलं.

२ ऑक्टोबर

सबंध आळीने नवीन पाट्या लावल्या. बरोबर इंग्रजीच्या. सगळ्या एकसारख्या, निळ्या. पर्थचा म्हातारा आला तर बिचारा शटर मोजत फिरेल.

९ ऑक्टोबर

उद्याची तयारी. हौ साहेबांना त्यांच्याच इंग्रजीत एक वाक्य ऐकवायचं म्हणून पाठ केलं. आरशासमोर म्हणून दाखवलं. बायको म्हणाली, "काय बोललास?" मी अर्थ सांगितला: पाटी मी लिहिली, मी एकट्याने. ती म्हणाली, "अरे म्हाताऱ्या, ती पोर कशासाठी येतेय तेवढं तरी..." आणि थांबली. मी म्हटलं, "कशासाठी म्हणजे? सल्लागार आहे ती." बायकोने कपाळावर हात मारला नि झोपायला गेली. पित्त झालं असेल.

१० ऑक्टोबर

बायको झोपायला बोलावतेय. तरी लिहितो.

बैठक वर्गाच्याच खोलीत. समोर हौ साहेब, शेजारी आ-लाम, पुढ्यात तिचे कागद. दुकानदारांनी खोली भरलेली. चाव पहिल्या रांगेत, खारवलेल्या बिया फोडत.

हौ साहेबांनी माझ्या पाटीचा फोटो भिंतीवर दाखवला. एन पडायच्या आधीचा. मोठा केलेला. लोक हसले. साहेब म्हणाले, "ही चूक साधी नाही. क्रियापद चूक, अक्षरसुद्धा उलटं. हे लिहिणाऱ्याला इंग्रजीचा गंधही नव्हता. माक, ही पाटी कोणी लिहिली?"

मी उठलो. पाठ केलेलं वाक्य आठवेना, म्हणून आपल्याच बोलीत म्हणालो, "मी."

आणि नेमक्या त्याच क्षणी समोरूनही आवाज आला, "मी."

आ-लाम उभी होती.

"बस खाली," मी म्हटलं. "ही थट्टा करतेय, साहेब. पाटी माझी."

"पाटी त्यांची आहे. अक्षरं माझी आहेत," ती म्हणाली.

"खोटं आहे! हिला तेव्हा लिहिता कुठे येत होतं!"

"तेच तर म्हणतेय, बाबा!"

चावने बिया बाजूला ठेवल्या. "साहेब, मी पण लिहिली असं म्हणू का? गर्दी वाढेल."

हौ साहेब वैतागले. "ही चेष्टेची जागा नाही. माक बाई, तुम्ही सल्लागार आहात. असली चूक तुम्ही करणं शक्य तरी आहे का?"

ती फळ्यापाशी गेली. खडू उचलला. ओ, पी, ई. एनपाशी आली आणि या वेळी थांबली नाही. उलटी दांडी एका झटक्यात ओढली, खडूचं टोक मोडून उडालं. भिंतीवरचा फोटो आणि फळा. आंधळ्यालाही दिसलं असतं. तीच ताठ अक्षरं.

मला खोक्यावरची नऊ वर्षांची पोर दिसली. मी खाली बसलो.

"मी नऊ वर्षांची होते," ती म्हणाली. ती साहेबांशी बोलत होती पण बघत होती माझ्याकडे. "पुढे मला कळलं की हे चूक आहे. तेव्हापासून सगळा बाजार यांना हसतोय आणि हे म्हणतात, मी लिहिलं. इतकी वर्षं. पाटी काढा म्हणून मी यांना विनवलं. यांना वाटतं, मला यांची लाज वाटते." मग तिने नाक पुसलं. "माझ्या चुकीला लोक यांना हसत होते, त्याची लाज वाटायची मला."

तेच तर!

इतकी वर्षं 'तेच तर'चा अर्थ माझ्या पुढ्यात पडला होता आणि मी शब्दकोश विकत आणला.

"छान," हौ साहेब म्हणाले. "म्हणजे सल्लागारच दोषी. मग पहिल्यांदा ही पाटी उतरवा."

"नाही," ती म्हणाली. काय म्हणाली! तो 'नाही' मी ओळखला. माझ्या दुकानात बनलेला आहे तो. "उद्या माझ्या वर्गात कोणी ओपन द लाइट लिहिलं तर मी मार्क कापणार. दरवेळी कापणार. पण पाटी म्हणजे परीक्षेचा पेपर नाही, साहेब. ते नाव आहे. वाक्य म्हणून ते चूक आहे, नाव म्हणून बरोबर आहे. माझ्या मताच्या रकान्यात मी तेच लिहिलंय. नाव आहे, दुरुस्ती नको. खाली सही केलीय."

"या क्षणापासून तुम्ही सल्लागार नाही! आणि शिफारशीचं विसरा."

"बरं," ती म्हणाली.

मग चाव उठला, कागदाजवळ गेला, डोळे बारीक करून त्याने तो पाहिला. त्याला वाचता येत नाही, हे साहेबांना ठाऊक नव्हतं.

"साहेब, सही आधी झाली. काढलंत तुम्ही नंतर. तुमच्याच नियमात आहे ना, सल्लागाराची सही झाली की ती पाटी पास? वर्गात पहिल्या दिवशी तुम्हीच वाचून दाखवलंत. मी थंड हवा खात बसलो होतो, पण कान उघडे होते."

साहेबांनी कागद ओढून घेतला, वाचला, उलटून पाहिला. मागे काही नव्हतं. "पुढची पाटी," ते म्हणाले.

जिन्यात तिला गाठलं. बोलायचं बरंच होतं. तोंडातून निघालं, "खाणावळीत काय देतात तुम्हाला? वाळलीस किती."

"पेज," ती म्हणाली. "पातळ."

"शाळेचं काय होईल आता?"

"ठेवतील किंवा नाही ठेवणार. शिकवायला मला येतं. ते तर हौ साहेब काढून घेऊ शकत नाहीत ना?"

"रविवारी घरी ये." हे मी म्हटलं. मीच म्हटलं, स्पष्ट, तोंड उघडून. बायकोला सांगितलं तर तिने परत म्हणायला लावलं.

२१ ऑक्टोबर

उद्यापासून प्रदर्शन. आज रविवार. आ-लाम सकाळीच आली. पलंगाखालून एन काढला, पुसला, शिडी लावली. शिडी धरायला चाव होता, म्हणजे शिडी हलायचा प्रश्नच नव्हता.

वर चढलो. मी आता शिकलेला माणूस. सुलटा एन कसा असतो ते दीड पान वाचून मला पक्कं ठाऊक झालंय. मनात आलं, पोरीने माझ्यासाठी एवढं सोसलं, निदान हे एक अक्षर तरी तिच्या मनासारखं बरोबर बसवू. दांडी नीट बघून सुलटा धरला आणि बोल्ट लावायला घेतला.

खालून आवाज आला, "बाबा, चुकतंय."

"काही चुकत नाही. शब्दकोशात बघ."

"शब्दकोश राहू दे. टर्न."

"काय?"

"टर्न! फिरवा! पालथा करा!"

फिरवला. आरपार एकाच रंगाचं प्लास्टिक, कोपऱ्यावरचा ओरखडा तेवढा आत गेला. उलटा एन त्याच्या जुन्या भोकांत असा बसला की जणू कधी हललाच नव्हता. बोल्ट मारले. चाव खालून म्हणाला, "आता कसं ओळखीचं दिसतंय. त्या सुलट्याने मला परक्या आळीत आल्यासारखं वाटत होतं."

समोरून हौ साहेब चालले होते. थांबले, वर पाहिलं. मी शिडीवरूनच हात हलवला. आ-लामनेही हलवला. ते पुढे गेले.

"झालं?" आतून बायको ओरडली. ती बटणापाशी उभी होती, केव्हाची. आमचं ते जुनं फिरकीचं बटण, पितळेचं. ते मी कधी बदललं नाही.

आता इंग्रजीची मास्तरीण काय सांगते म्हणून मी शिडीवर कान देऊन राहिलो. तिने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "आई, हॉय दांग!"

बायकोने बटण फिरवलं. दिवा उघडला.